मेंदूची तपासणी आणि रुग्णाचे लक्ष
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीच्या मंडळींनी बोलावणे पाठविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही काही वक्ते नाही. आमची नोकरीची सारी वर्षे मेंदूच्या तपासणीच्या खोलीत गेली. रुग्णाच्या डोक्याला तारा लावायच्या, यंत्र सुरू करायचे आणि निघालेला कागद डॉक्टरसाहेबांकडे पाठवायचा, एवढेच आमचे काम. पण सचिव साहेब म्हणाले, "वस्तीतले लोक रोज मेडिकलच्या चकरा मारतात. आत काय होते, आपण कसे वागावे, हे त्यांना कोणी सांगत नाही. तुम्ही तिथं बसून जे पाहिलं तेच सांगा." हे आम्हाला पटले, म्हणून आज आपल्यासमोर उभे आहोत.

आपल्याकडे एक्सरे असो, सी.टी. स्कॅन असो की एम.आर.आय. असो, सगळ्याला 'फोटो' म्हणतात. "डोक्याचा फोटो काढून आणला जी," असे गावाकडचा माणूस सांगतो. यात चूक काही नाही. मेंदूत रक्तस्राव आहे का, गाठ आहे का, हे पाहायचे असेल तर तो फोटोच आहे. माणूस हलला नाही म्हणजे झाले. तो जागा असो, झोपलेला असो की बेशुद्ध असो, गाठ जिथल्या तिथेच राहते.

परंतु मेंदूच्या काही तपासण्या फोटोसारख्या नाहीत. त्यात मेंदूची ठेवण नाही, मेंदूचे काम पाहिले जाते. आणि मेंदूचे काम तर क्षणाक्षणाला बदलते. माणूस जागा आहे की पेंगतो आहे, ऐकतो आहे की घाबरून दुसरेच काही मनात घोळवतो आहे, यावर निकाल बदलतो. म्हणून या तपासण्यांत जेवढे लक्ष यंत्राकडे द्यावे लागते, तेवढेच रुग्णाच्या लक्षाकडे द्यावे लागते. आज आम्हाला एवढीच गोष्ट सांगायची आहे.

प्रथम ई.ई.जी. घेऊ. जर्मनीतील येना शहरात हान्स बर्गर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी प्रथम टिपल्या आणि १९२९ साली ते जगासमोर मांडले. त्यांना दिसले की माणूस डोळे मिटून शांत बसला की सेकंदाला साधारण ८ ते १३ अशा एकसारख्या लहरी उमटतात. त्याने डोळे उघडले किंवा मनात हिशोब करायला घेतला की त्या लहरी मंदावतात. म्हणजे हे यंत्र जन्मल्या दिवसापासून एकच सांगत आले आहे की, माणूस त्या क्षणी काय करीत होता हे माहीत नसेल तर माझा कागद नीट वाचता येणार नाही.

आम्ही कामाला लागलो तेव्हा ई.ई.जी. कागदावरच निघत असे. शाईच्या बारीक पेनांची रांग असायची आणि दर सेकंदाला तीन सेंटिमीटर कागद सरकायचा. पेनांची खरखर अजून कानात आहे. रुग्णाला आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता यायला सांगितलेले असायचे. तरी निम्मा वेळ डोक्याचे तेल पुसण्यातच जाई. मग लेप लावून एकेक तार बसवायची, खोलीतला दिवा मंद करायचा आणि सांगायचे, "डोळे मिटा, अंग सैल सोडा, हलू नका." आता विचार करा. नागपूरचा मे महिना, बाहेर ऊन मी म्हणते आहे, रुग्ण रात्रीच्या एस.टी.ने उभा राहून आलेला, आणि आपण त्याला थंड, अंधाऱ्या खोलीत आडवे करून डोळे मिटायला सांगतो. तो झोपणार नाही तर काय करणार?

झोप येऊ लागली की कागद बदलतो. त्या एकसारख्या लहरी पुसट होतात, संथ लहरी येतात, मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे हळूहळू इकडून तिकडे फिरतात. लहान मुलांत तर पेंग येताना उंच उंच लहरींचे झुबकेच्या झुबके येतात. हे सारे नैसर्गिक आहे. पण हा रुग्ण टक्क जागा होता असे समजून तोच कागद वाचला, तर निरोगी पेंग आजारासारखी दिसू शकते. जगभरात मिरगीचे चुकीचे निदान ज्या कारणांनी होते, त्यात हे एक ठळक कारण आहे.

आता एक गोष्ट सांगतो. ती आमच्याच चुकीची आहे. मुलीचे नाव किंवा रुग्णालयाचे नाव आम्ही घेणार नाही. ती मुलगी भंडारा जिल्ह्यातली, नववीत शिकणारी. शाळेत प्रार्थनेच्या वेळी उपाशीपोटी उन्हात उभी असताना चक्कर येऊन पडली. दोनचार झटके आल्यासारखे वाटले, म्हणून वडील तिला घेऊन आले. आम्ही तारा लावल्या, सुरुवातीला कागदावर 'जागी, डोळे मिटलेले' असे लिहिले आणि बाजूच्या टेबलावर पुढच्या रुग्णाचा फॉर्म भरू लागलो. बाहेर रांग मोठी होती. पाचसात मिनिटांत तिचा डोळा लागला असणार. आम्ही पाहिले नाही, विचारले नाही, लिहिले नाही. कागदावर लहरींचे झुबके आले. वाचणाऱ्या डॉक्टरांना कागदावर एकच शब्द दिसला, 'जागी'. निदान झाले आणि गोळ्या सुरू झाल्या.

दोन वर्षांहून जास्त काळ त्या मुलीने गोळ्या घेतल्या. घरच्यांनी सायकल बंद केली, विहिरीवर जाणे बंद केले. गोळ्यांनी दिवसभर सुस्ती येई, ती दहावीत नापास झाली. नातेवाइकांत 'फिट येणारी पोरगी' असे नाव पडले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी जुना कागद काढून टेबलावर पसरला. पहिली तीन पाने पाहिली, चौथ्यावर बोट ठेवले आणि आम्हाला बोलावून विचारले, "इथे ही मुलगी जागी होती का? तुम्ही तिला विचारले होते का?" बंधुभगिनींनो, आमच्याजवळ उत्तर नव्हते.

तपासणी पुन्हा झाली. या वेळी आम्ही स्टूल घेऊन तिच्याजवळच बसलो. तिच्या पापण्यांकडे पाहत होतो, थोड्या थोड्या वेळाने नावाने हाक मारत होतो आणि प्रत्येक हाक कागदावर त्याच जागी लिहीत होतो. पेंग आली की झुबके येत, हाक मारली की जात. नंतर झोपेतलीही नोंद घेतली, तीही स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी सगळा इतिहास पुन्हा विचारला आणि हळूहळू, कित्येक महिने लावून गोळ्या बंद केल्या. शाळेची गेलेली वर्षे मात्र आम्हाला परत देता आली नाहीत.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर उलटा अर्थ निघायचा. पहिली, हे ऐकून कोणी आपल्या घरच्या मिरगीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. अचानक गोळी बंद केल्याने जीव धोक्यात येतो. दुसरी, ई.ई.जी.त झोप येणे वाईट नाही. उलट काही दोष झोपेतच दिसतात, म्हणून डॉक्टर कधी मुद्दाम रात्री जागरण करून यायला सांगतात. वाईट आहे ती न नोंदवलेली झोप.

त्या दिवसानंतर आमच्या खोलीत काही रीती ठरल्या. जाणकार तंत्रज्ञ त्या सगळीकडे पाळतातच, आम्हाला त्या चुकीतून शिकाव्या लागल्या. मधूनमधून रुग्णाला नाव, गाव, वार विचारायचे. डोळे उघडायला आणि मिटायला लावायचे. शंभरातून सात सात वजा करायला सांगायचे, शाळा न शिकलेल्या माणसाला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे. लहान मुलांत एक प्रकारची मिरगी असते. मूल पडत नाही, फक्त दहापंधरा सेकंद एकटक पाहत राहते. मास्तर म्हणतात, "लक्ष नाही याचं." त्या वेळी कागदावर सेकंदाला तीन अशा टोकदार लहरी धावतात. त्या दिसल्या की आम्ही मोठ्याने एक शब्द टाकायचो, 'हत्ती'. लहरी थांबल्यावर विचारायचो, "आता मी काय म्हटलं होतं?" मुलाने हत्ती सांगितले तर त्या लहरींतही त्याचे भान शाबूत होते. "काही नाई म्हनलं तुम्ही," असे म्हणाले तर तेवढे क्षण त्याच्या भानातून गळून गेले. हे कोणतेही यंत्र आपण होऊन सांगत नाही. कोणीतरी जवळ बसून विचारावे लागते.

आता आपल्या घरातल्या विषयाकडे येतो, तो म्हणजे सिकलसेल. मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध 'लॅन्सेट' या विलायती मासिकात १९५८ सालीच आला होता. विदर्भातल्या आदिवासी भागात आणि आपल्या समाजात हा आजार किती घरांत आहे, हे इथे बसलेल्या आयाबहिणींना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्यात रक्ततपासणीवर भर आहे. पण मेंदूच्या तपासणीशी या आजाराचा संबंध दोन ठिकाणी येतो, तो लक्षात ठेवा.

एक, ई.ई.जी. चालू असताना रुग्णाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. त्याने काही दोष उघडे पडतात. पण असा श्वास घेतल्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. सिकलसेलच्या रुग्णाला हे धोक्याचे असते, त्याच्याकडून हा भाग करून घ्यायचा नसतो. तेव्हा घरात सिकलसेल असेल तर फॉर्मवर विचारो न विचारो, तारा लावण्याआधी तोंडाने सांगा.

दुसरे, सिकलसेलच्या मुलांना लहान वयात पक्षाघात होऊ शकतो. आपल्या भागातल्या रुग्णांत जन्मवेळचे हिमोग्लोबिन जास्त टिकून राहते, त्यामुळे आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा हे प्रमाण कमी दिसते, पण धोका नाही असे नाही. तो आधी ओळखण्यासाठी कानशिलावर छोटे यंत्र टेकवून मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग मोजतात. त्याला ट्रान्सक्रॅनिअल डॉपलर म्हणतात. सुई नाही, किरण नाहीत, दुखत नाही. २ ते १६ वर्षांच्या मुलांत ती दरवर्षी करावी असे तज्ज्ञ सांगतात. १९९८ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ज्या मुलांत हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त होता, त्यांना नियमित रक्त दिल्याने पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. म्हणजे या एका आकड्यावर मुलाला वर्षानुवर्षे रक्त द्यायचे की नाही हे ठरते.

आणि हा आकडा मुलाच्या अवस्थेप्रमाणे हलतो. मूल झोपले की रक्तात कार्बन डायऑक्साईड थोडा वाढतो, वाहिन्या रुंदावतात, वेग वाढलेला दिसतो. मूल रडून रडून धापा टाकू लागले की तोच वेग कमी दिसतो. ताप असला तरी फरक पडतो. म्हणून नियम असा की मूल जागे हवे आणि शांत हवे. पण आई काय करते? मूल हलू नये म्हणून थोपटून झोपवते. एक आई आम्हाला म्हणाली होती, "रातभर जागलं लेकरू, आता कुठं डोळा लागला त्याचा, झोपू द्या ना जी." तिच्या मायेला आम्ही काय बोलणार? पण त्या खोलीत मुलाला गोष्ट सांगत, खेळणे दाखवत जागे ठेवणे, हीच आईची खरी मदत. आणि मूल झोपूनच गेले तर तपासणाऱ्याला सांगा, थोडे थांबून पुन्हा मोजा म्हणा.

आता एम.आर.आय. साध्या एम.आर.आय.बद्दल जास्त सांगत नाही. अंगावर धातू नको, नळीत आवाज मोठा येतो, कानात बोळे देतात, हातात रबराचा फुगा देतात, घाबरले तर तो दाबायचा. हे आधी सांगितले तर निम्मी भीती जाते. पण १९९० साली सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रक्तातल्या प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग कामात आहे हेही याच यंत्राने पाहता येते. बोलण्याच्या केंद्राजवळ गाठ असेल तर शस्त्रक्रियेआधी अशी तपासणी करतात, म्हणजे सर्जनला कळते की कुठे हात लावायचा नाही.

इथे तर रुग्णाच्या लक्षाशिवाय काहीच नाही. त्याला नळीत झोपवून सांगतात, "मनातल्या मनात शब्द आठवा." तो आठवतो आहे की पेंगतो आहे, बाहेरच्याला कसे कळणार? त्याने काहीच आठवले नाही तर पडद्यावर तो भाग उजळत नाही. आणि उजळला नाही म्हणून तिथे बोलण्याचे केंद्र नाही असे कोणी समजले तर माणसाची वाचा जाऊ शकते. शिवाय सूचना कोणत्या भाषेत दिली हेही महत्त्वाचे आहे. नागपुरात रुग्ण येतात ते गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा इथून. कोणी गोंडी बोलतो, कोणी हिंदी, कोणी झाडीबोली. 'क या अक्षरावरून शब्द आठवा' असे शाळा न शिकलेल्या आजीला सांगून काय उपयोग? तिला विचारावे, "आजी, बाजारात कोणकोणती भाजी मिळते ते मनातल्या मनात म्हणा." आणि आत नेण्याआधी बाहेर बाकावर तेच मोठ्याने म्हणवून घ्यावे. तिला समजले की नाही हे तिथेच कळते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडच्या गरीब, थकलेल्या रुग्णांचा आहे असे समजू नका. २०१४ साली टाग्लियाझुक्की आणि लाउफ्स या संशोधकांनी १,१४७ तपासण्यांची छाननी केली. लोकांना जागे राहून नुसते पडून राहायला सांगितले होते. तरीही तीन मिनिटांच्या आतच सुमारे एक तृतीयांश लोकांचा जागेपणा ढळला होता. त्याआधी २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखविले की डोके अगदी मिलिमीटरच्या अंशाने हलले तरी मेंदूच्या भागांमध्ये खोटेच नाते दिसू लागते. म्हणून आता ठिकठिकाणी नळीच्या आत डोळ्यांवर कॅमेरा ठेवतात, हातात बटण देऊन अधूनमधून दाबायला लावतात, डोके हलले की त्याच क्षणी पडद्यावर कळेल अशी संगणकाची सोय करतात, मुलांना शांत चित्रफीत दाखवतात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर विचारतात, "झोप लागली होती का?" यातला शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि तो आपल्या कोणत्याही रुग्णालयात आजपासून करता येतो.

या विहारात बसून एका प्रयोगाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २०१२ साली अमेरिकेत चौदा ध्यान करणाऱ्यांना एम.आर.आय.च्या नळीत श्वासावर लक्ष ठेवायला सांगितले. मन भटकले असे ज्या क्षणी ध्यानात येईल त्या क्षणी बटण दाबायचे आणि पुन्हा श्वासाकडे यायचे, एवढाच नियम. त्यामुळे मन भटकलेले असताना, ते कळताना आणि परत येताना मेंदूत काय चालते, हे वेगवेगळे पाहता आले. आनापानसतीला बसणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. आम्हाला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. मन कुठे गेले हे यंत्राला आधी कळले नाही, ज्याचे मन त्यालाच विचारावे लागले. मन भटकले हे प्रामाणिकपणे सांगणे ही तिथे चूक नव्हती, तीच तर खरी माहिती होती.

याची एक कायद्याची बाजूही आहे. संशयिताच्या मेंदूच्या लहरी तपासून गुन्हा शोधण्याचे प्रयोग आपल्या राज्यात झाले. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात अशा तपासणीचा आधार घेतला, त्याची जगभर चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सांगितले की संमतीशिवाय कोणाचीही अशी तपासणी करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. पोलीस चौकशी निराळी आणि दवाखाना निराळा, हे खरे. पण दोन्हीकडे माणसाचे मन त्याच्या मालकीचे आहे. ते समजावून, विचारून मिळवायचे असते.

शेवटी, घरी जाताना लक्षात ठेवण्यासारखे थोडे सांगतो. तपासणीला जाण्याआधी विचारा की जागे राहायचे आहे की झोप चालते. जागरण करून या असे सांगितले नसेल तर रात्रीचा प्रवास टाळा. उपाशी यायला सांगितले नसेल तर खाऊन जा. चालू असलेल्या गोळ्या आणि सिकलसेल ही माहिती आपण होऊन द्या. सूचना समजली नाही तर न लाजता पुन्हा विचारा. मध्येच डोळा लागला असेल तर तपासणी संपल्यावर सांगा, "मले झोप लागली होती जी." कोणी रागावले तरी सांगा. तेवढ्या एका वाक्याने चुकीचे निदान टळू शकते.

आणि विहारातल्या तरुण मुलामुलींना एक विनंती. आठवड्यातून एक दिवस दोघादोघांनी मेडिकलच्या, मेयोच्या आवारात गेलात, खेड्यातून आलेल्या एखाद्या रुग्णाला सूचना त्याच्या बोलीत समजावून सांगितली, एखादे लेकरू तपासणीपर्यंत गोष्टी सांगून जागे ठेवलेत, तर ते फार मोठे काम होईल. भंडाऱ्याच्या त्या मुलीच्या उशाशी त्या दिवशी कोणीतरी बसलेले असायला हवे होते. आम्ही खोलीत होतो, पण बसलो नव्हतो.



जयभीम! नमो बुद्धाय!